जन्माआधीचा बाप्तिस्मा

ज्या समाजात कित्येकांची जन्मतारीख आईऐवजी शाळेच्या हेडमास्तरांनी ठरविली, त्या समाजातील वकिलास तारखांविषयी भाबडी श्रद्धा बाळगता येत नाही. आमच्या बेळगाव भागात जुन्या पिढीतील कितीतरी माणसे कागदोपत्री १ जून रोजी जन्मलेली आढळतात. शाळा जूनमध्ये उघडे, मुलाला सहा वर्षे पुरी झालेली दाखवावी लागत, आणि मास्तर एका फटकाऱ्यासरशी ती पुरी करून टाकीत. त्याच मुलाची आई विचारल्यावर सांगे, "पुराच्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला." ह्या दोन साक्षींपैकी कोर्टात मास्तरांचा दाखला टिके आणि आईचे बोलणे ऐकीव म्हणून बाजूस पडे. वीस वर्षांच्या वकिलीत हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की, कोणताही जन्माचा कागद हाती आला म्हणजे आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे लिहिले कोणी, केव्हा, आणि कोणाच्या सोयीसाठी?

हाच प्रश्न घेऊन आम्हांस सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रीसलंडात, म्हणजे नेदरलंड्सच्या उत्तरेकडील एका गवताळ, पाणथळ प्रांतात जावे लागेल, असे मात्र कधी स्वप्नातही आले नव्हते. निमित्त झाले आमच्या कुलवृत्तांताचे. आमचे कुलदैवत गोव्यात. घराण्याच्या शाखा बेळगाव, इंदूर, बडोदे अशा पसरलेल्या. जुना कुलवृत्तांत जीर्ण झाला, म्हणून नवी आवृत्ती काढावयाची असे देवळाच्या वार्षिक मेळाव्यात ठरले आणि कागद तपासण्याचे काम वकील म्हणून आमच्या गळ्यात पडले. आमची एक पुतणी नोकरीनिमित्त नेदरलंड्समध्ये गेली आणि तिथल्याच एका फ्रीसियन तरुणाशी तिने विवाह केला. तिने पत्र पाठविले : "काका, माझ्या मुलाची नोंद पुस्तकात होणारच असेल, तर त्याच्या वडिलांचे कूळही त्याच पानावर यावे. अर्धा मुलगा कसा लिहिणार?"

विनंती सरळ होती. पण पत्रासोबत जावयांच्या घराण्याची टंकलिखित वंशावळ होती, आणि तिच्यातील सर्वांत जुन्या पूर्वजाच्या नोंदीपाशी आमचे थोरले चुलते अण्णाकाका थबकले. त्या पूर्वजाचे नाव दुसऱ्याच्या घरचे, म्हणून येथे देत नाही. नोंदीत लिहिले होते : जन्म ३ जानेवारी १७००. आणि त्याच्या आईबापांच्या नावापुढे : विवाह १० मार्च १७००.

अण्णाकाकांचे वय चौऱ्याऐंशी. पण हिशेब पक्का. "लग्नाआधी दोन महिने," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. पुतणीला फोनवर विचारता कळले की, ही गोष्ट त्या घरात ठाऊक आहे. दोन पिढ्या ती थट्टेने सांगतात. मूळ आजीबाई जरा धाडसी होत्या, असे म्हणून कॉफी पितात. अण्णाकाकांस ती थट्टा रुचली नाही. असली नोंद देवाच्या पायांशी ठेवावयाच्या पुस्तकात नको, असे त्यांनी सौम्यपणे पण ठामपणे सांगितले.

येथे आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील खटाटोपाचा कोणी विपर्यास करणार नाही. ती नोंद खरी असती, तरीही आम्ही ती पुस्तकात घातली असती. ज्यांनी वेदांची व्यवस्था लावली आणि महाभारत रचले, त्या व्यासांचा जन्म सत्यवतीच्या विवाहापूर्वीचा. मनुस्मृतीने बारा प्रकारचे पुत्र सांगितले, त्यांत 'कानीन' म्हणजे कुमारिकेचा पुत्र आणि 'सहोढ' म्हणजे विवाहसमयी उदरात असलेला पुत्र, हे दोन्ही आहेत. आपल्या पूर्वजांनी माणसाच्या जन्मास जागा करून देण्यात एवढे औदार्य दाखविले असता, आपण कोण दार लावणारे? परंतु वकिलाचा दुसराही एक धर्म असतो. आरोप क्षम्य आहे म्हणून तो खरा ठरत नाही. जी बाई उत्तर द्यायला उभी राहू शकत नाही, तिच्या वतीने निदान मूळ कागद मागावेत, एवढे तरी आमचे कर्तव्य होते.

पुतणीने मूळ कागदांची छायाचित्रे मिळवून पाठविली. ती दोन होती. एक, गावच्या रिफॉर्म्ड म्हणजे सुधारित प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीचे पान. त्यावर २९ डिसेंबर १७००, बाळाचे नाव, बापाचे नाव, एवढेच. आईचे नाव नाही, जन्मदिवसही नाही. दुसरा कागद घरच्या बायबलाचे कोरे पान. त्या देशात १६३७ साली सरकारी आज्ञेने भाषांतरित झालेले मोठे बायबल निघाले आणि ते घरोघर जाऊन बसले. त्याच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म टिपण्याची रीत पडली, जशी आपल्याकडे जुन्या पंचांगाच्या वा पोथीच्या पुठ्ठ्यावर आजोबा टिपून ठेवीत. त्या पानावर बापाने आठ मुले लिहिली होती आणि वर, ठळक अक्षरांत, त्यांच्या आईचे पूर्ण नाव. पहिल्या मुलापुढे : सोमवार, ३ जानेवारी १७०१.

म्हणजे जन्म जानेवारी १७०१चा आणि बाप्तिस्मा डिसेंबर १७००चा. मूल जन्मण्यापूर्वी पाच दिवस त्याचा बाप्तिस्मा झाला होता!

हा विरोध त्या घराण्यातील कोणा व्यवस्थित माणसाला खटकला असावा. वंशावळ टंकलिखित करताना त्याने विचार केला की, बापाची वर्ष लिहिण्यात चूक झाली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत ती होतेच. म्हणून त्याने १७०१चे १७०० केले. बाप्तिस्मा जन्मानंतर आला, गणित सुटले. पण त्या एका आकड्याच्या दुरुस्तीने एका विवाहितेला तिच्या लग्नाआधी दोन महिने बाळंतीण केले, हे त्याच्या ध्यानी आले नसावे. किंवा आले असल्यास त्याने हसून सोडून दिले असावे.

वास्तविक दोन्ही मूळ कागद खरे होते. त्यांची भांडणे लावली ती पंचांगांनी.

पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली जुने रोमन पंचांग सुधारले. जुन्या पंचांगाचे वर्ष सूर्यापेक्षा किंचित लांब असल्यामुळे शतकानुशतके तारखा मागे पडत चालल्या होत्या. त्या सुधारण्यासाठी दहा दिवस गाळण्यात आले. कॅथलिक देशांनी हे लगेच मानले. नेदरलंड्स त्या वेळी एकसंध राज्य नव्हते. स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या प्रांतांचा तो संघ होता आणि प्रत्येक प्रांत आपल्या घरात सार्वभौम होता. हॉलंड आणि झीलंड ह्या व्यापारी प्रांतांनी १५८२-८३च्या हिवाळ्यात नवे पंचांग स्वीकारले. फ्रीसलंडादी प्रांत मात्र पोपच्या हातचे पंचांग नको म्हणून जुन्यालाच चिकटून राहिले. ते एकदोन वर्षे नव्हे, तर शंभराहून अधिक वर्षे.

ह्याचा परिणाम रोजच्या व्यवहारात काय होत असेल, त्याची कल्पना करावी. लोण्याचे पिंप घेऊन एक नावाडी ॲमस्टरडॅमहून झायडर झे हा उथळ समुद्र ओलांडून घरी यावयास निघाला, तर तो निघाल्याच्या तारखेच्या आधीच घरी पोहोचे. हुंडीची मुदत कोणत्या पंचांगाने मोजावयाची, हे लिहून ठेवावे लागे. ह्या गंमतीत राजेही सुटले नाहीत. ऑरेंजचा विल्यम १६८८ साली नव्या पंचांगाने ११ नोव्हेंबरला आरमार घेऊन हॉलंडातून निघाला आणि जुन्या पंचांगाने ५ नोव्हेंबरला इंग्लंडच्या किनाऱ्यास उतरला. त्याचा जन्म हेगमध्ये १६५० साली १४ नोव्हेंबरला झाला. इंग्रजांनी त्याचा वाढदिवस ४ नोव्हेंबरला साजरा केला. जन्म एक, माणूस एक, सूर्यही एकच.

इ. स. १७००मध्ये जुन्या पंचांगाने फेब्रुवारीला एकोणतिसावा दिवस दिला आणि नव्याने तो दिला नाही, म्हणून दोहोंतील अंतर दहाचे अकरा दिवस झाले. जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थानांनी आणि डेन्मार्कने त्याच सुमारास हट्ट सोडला. मागोमाग उरलेले डच प्रांतही आले : गेल्डरलंड जुलै १७००मध्ये, उट्रेख्ट आणि ओव्हरआयसल त्याच वर्षाच्या डिसेंबरात. फ्रीसलंडात ३१ डिसेंबर १७०० हा मंगळवार होता. त्या रात्री लोक झोपले आणि सकाळी उठले तो बुधवार, १२ जानेवारी १७०१. मधले अकरा दिवस त्या प्रांतात उगवलेच नाहीत.

आता आपल्या बाळाकडे वळू. बाप्तिस्मा २९ डिसेंबर १७००, जुन्या पंचांगाने. तो दिवस काढून पाहिला, रविवार येतो. म्हणजे चर्चचा दिवस. बापाने लिहिलेली ३ जानेवारी १७०१ नव्या पंचांगाची धरली तर सोमवार येतो, जसा त्याने लिहिला आहे. जुन्या पंचांगाने तोच दिवस म्हणजे २३ डिसेंबर १७००. सोमवारी मूल जन्मले, पुढच्या रविवारी त्याला चर्चमध्ये नेले. सहा दिवसांचे बाळ! उलट दुरुस्तीकर्त्याची ३ जानेवारी १७०० घेतली, तर नव्या पंचांगाने रविवार येतो आणि जुन्याने बुधवार; सोमवार कोणत्याच वाटेने येत नाही. तारखा राजे बदलतात, धर्मपीठे बदलतात, कारकून बदलतात. पण ह्या सगळ्या उलथापालथीत वारांची माळ कोणी तोडली नव्हती. मंगळवारनंतर बुधवारच आला. बापाने सहज लिहून ठेवलेल्या त्या 'सोमवार' शब्दाने तीनशे वर्षांनंतर त्याच्या बायकोच्या बाजूने साक्ष दिली.

विवाहाची १० मार्च १७०० ही तारीख चर्चच्या वहीतील, म्हणजे जुन्या पंचांगाची. तिथपासून २३ डिसेंबरपर्यंत २८८ दिवस भरतात. आपल्या १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम ११२ वकिलांना तोंडपाठ असे : विवाह कायम असता जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच, हा निर्णायक पुरावा. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हे तत्त्व तसेच राहिले. फ्रीसलंडच्या ह्या आजीबाईंना त्या कलमाचीही गरज नव्हती. तिला हवे होते फक्त एक पंचांग.

निकाल येथे लागला होता. पण खटला संपला तरी पक्षकाराविषयीची जिज्ञासा संपत नाही. ती बाई कोण, ती खोली कशी, तो सोमवार कसा गेला, हे आम्हांस पाहावेसे वाटू लागले. तिच्याविषयी कागदात नावापलीकडे काही नाही. परंतु तिच्या काळाविषयी आणि मुलखाविषयी पुष्कळ आहे.

त्या मुलखात जमीन आणि समुद्र ह्यांचे भांडण कायमचे. बांध घालून जमीन राखावयाची, कालव्यांनी पाणी काढावयाचे, गवतावर गाई पोसावयाच्या आणि लोणी बाजारात पाठवावयाचे. लाकूड थोडे, म्हणून चुलीत दलदलीतून खणून वाळविलेली पीट नावाची माती जळे. डिसेंबर सरत आलेला. त्या अक्षांशावर उजेड मोजून सातआठ तास. बाळंतपणाची खोली घरातील सर्वांत उबदार. चुलीपाशी वेताची एक बसकी, लांबट टोपली ठेवीत. तिच्यात पाय पसरून बाळंतिणीची सेवा करणारी बाई बसे आणि बाळाला मांडीवर घेऊन शेकवी, पुसून लपेटून ठेवी. त्या टोपलीला डच भाषेत 'बाकरमाट' म्हणतात आणि कोणत्याही गोष्टीच्या उगमस्थानालाही तोच शब्द लावतात. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना हे वाचून दाखविले तेव्हा त्यांना काडीचेही नवल वाटले नाही. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि पायांवर बाळ घेऊन बसलेली बाई त्यांनी जन्मभर पाहिली आहे.

त्याच प्रांतात डोक्कुम गावी त्या काळी काटरीना श्राडर नावाची एक सुईण होती. शल्यवैद्याची ही विधवा, पदरी लेकरे, पोटासाठी तिने १६९३ साली हे काम पत्करले आणि १७४५पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत केले. प्रत्येक बाळंतपण तिने वहीत टिपले. त्यांची संख्या तीन हजारांच्या वर जाते. अडलेल्या बायका, आडवी मुले, बर्फातून गाडीने केलेला रात्रीचा प्रवास, आणि मिळालेली बिदागी, सर्व त्यात आहे. चर्चची वही बापाचे नाव घेऊन थांबत होती, त्याच काळात एक विधवा बाई आयांच्या वेणा लिहून ठेवीत होती. ती वही आज वैद्यकाच्या इतिहासात मोलाची मानली जाते.

बाळ सुखरूप झाले की शेजारणी जमत. त्यांना 'कान्डेल' नावाचे पेय मिळे : द्राक्षासव, अंडी, साखर आणि दालचिनी घालून ऊन केलेले. ही दालचिनी कोठली? सिलोनची. तिचा किनारा डचांनी पोर्तुगीजांकडून घेतला होता. कोलंबो त्यांच्या हाती १६५६ साली आले, कोचीन १६६३ साली. गोव्याच्या मुखाशी डच गलबते नाकेबंदी करून बसत आणि जवळच वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. तिचे पडके अवशेष आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. आपल्याच समुद्रावरून गेलेला मसाला त्या थंड प्रदेशातील बाळंतिणीच्या खोलीत दरवळत होता. आजही त्या देशात मूल जन्मले की पाहुण्यांना कुरकुरीत बिस्किटावर साखरेत घोळलेली बडीशेप पेरून देतात. बडीशेपेने आईला दूध येते ही त्यामागील जुनी समजूत. आपल्याकडे जेवणानंतर बाळंतिणीच्या मुठीत बाळंतशेपा ठेवणाऱ्या सासवांना ह्यात परके काय वाटावे?

त्या आनंदातही संशयाची सुई असे. यान स्टीन ह्या डच चित्रकाराचे १६६४चे एक चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. बाळंतिणीची खोली, बायकांची वर्दळ, बाळाला कौतुकाने हाती घेतलेला बाप. आणि मागे एक हसरा इसम बाळाच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगे धरून उभा. बाप दुसराच आहे, ही त्या खुणेची थट्टा. तो हसरा इसम म्हणजे स्वतः चित्रकार. हे चित्र पाहिल्यावर आम्हांस दुरुस्तीकर्त्याचा आकडा आठवला. त्याच्या मनात थट्टा नसेलही, पण दोन बोटे उठली ती उठलीच, आणि तीन पिढ्यांनी ती खाली घेतली नाहीत.

त्या बाळाचे पुढे काय झाले? बायबलाचे पान सांगते की तो वाढला, बापासारखाच नावाडी झाला. १७०८-०९चा हाडे गोठविणारा हिवाळा, १७१३नंतर गोठेच्या गोठे रिकामे करणारी गुरांची साथ, आणि १७१७च्या नाताळच्या रात्री उत्तर समुद्राने बांध फोडून आणलेला प्रलय, हे सर्व त्या किनाऱ्याच्या वाट्याला आले. त्या पुरात नेदरलंड्सपासून डेन्मार्कपर्यंत सुमारे १४,००० माणसे बुडाली. त्या रात्री हा मुलगा सोळा वर्षांचा, सतराव्यास दहा दिवस कमी. तो वाचला, म्हणून आमच्या पुतणीचे मूल आज रांगते आहे.

त्याला आडनाव नव्हते. फ्रीसलंडात बहुतेकांचे नाव आणि बापाचे नाव एवढेच चाले, जसे आपल्याकडे अजूनही मधले नाव चालते. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवावयाचे, हीही रीत आपल्यासारखीच. नेपोलियनने तो देश आपल्या साम्राज्यास जोडला आणि १८ ऑगस्ट १८११च्या हुकमाने ज्यांना आडनाव नव्हते त्यांना ते घ्यावयास लावले. त्याच सुमारास तेथे सरकारी जन्मनोंद आली : तीन दिवसांच्या आत बापाने दोन साक्षीदारांसह कचेरीत जाऊन सांगावयाचे. ह्या नोंदीत आईचे नाव आवश्यक होते. सैन्यभरतीसाठी आणि करासाठी आलेल्या परक्या सत्तेने आईला कागदावर आणले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

हे सारे आम्ही अण्णाकाकांपुढे मांडले. पंचांगाच्या अडचणीचे त्यांना नवल वाटले नाही. तो वाद त्यांच्या आवडीचा. शिवछत्रपतींच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ घेतली, तर आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ती जुन्या पंचांगाची तारीख. नव्याने तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीही जुनीच, नव्याने ती १६ जून. सुरतेचे इंग्रज जुन्या पंचांगाने पत्रे लिहीत आणि वेंगुर्ल्याचे डच नव्याने; शेजारी बसून दहा दिवसांचे अंतर! अण्णाकाकांनी स्वतःच बोटांवर मोजून सांगितले की, २३ डिसेंबर ही तारीख नव्या पंचांगाची समजून तिथी काढली, तर ती शुद्ध पक्षात जाईल, आणि खरा जन्म तर वद्य पक्षाच्या मध्यावरचा. अकरा दिवसांच्या घोटाळ्याने चंद्रही उलटा फिरतो, म्हणाले. मार्च १७०० ऐकून ते क्षणभर थांबले. त्याच महिन्यात सिंहगडावर राजाराम महाराजांचा अंत झाला आणि ताराबाईंनी राज्याची धुरा उचलली. "त्याच महिन्यात तिकडे ही पोर बोहल्यावर चढली," असे ते पुटपुटले. त्यांच्या तोंडून त्या परक्या बाईला 'पोर' हा शब्द आला, तेव्हाच त्यांची हरकत गेली हे आम्ही ओळखले.

तरी एक प्रश्न उरला : नोंद कोणत्या रीतीने करावयाची? आमच्या कुलवृत्तांताची रीत अशी की, मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. आम्ही जुना ग्रंथ उघडला आणि १७०१च्या सुमाराचे आमचे स्वतःचे पान पाहिले. पाच पिढ्या, अकरा पुरुष, कोणाची सनद, कोणाचे इनाम, कोणाचे काशीस देहावसान. आई एकीचीही नाही. त्या फ्रीसियन चर्चच्या वहीत आणि आमच्या पुस्तकात काय अंतर राहिले? श्राद्धात आपण माता, पितामही, प्रपितामही यांचे नाव घेऊन उदक देतो. म्हणजे तीन पिढ्यांपर्यंत त्या स्मरणात आहेत. चौथ्या पिढीस त्या जिभेवरून उतरतात, आणि कागदावर तर त्या कधी चढल्याच नव्हत्या. आपण पूर्वजांची मरणतिथी प्राणपणाने जपली. ती जपणारा मुलगा असतो, म्हणून तिच्यात मुलाची भक्ती दिसते. जन्मदिवस सांगणारी आई असते. जन्मदिवस हरवला की तिच्या तोंडचा शब्दही हरवतो.

आमच्या आत्याबाई कोपऱ्यात बसून वाती वळीत होत्या. गोव्यात वाढलेल्या, त्यामुळे मनातले बोलणे कोंकणीतच येते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पयलीं आवयचें नांव बरय."

आधी आईचे नाव लिही. अण्णाकाका काही बोलले नाहीत. त्यांनी टाक मागितला नाही, पण कागद आमच्याकडे सरकविला.

नोंद आता छापखान्यात गेली आहे. तिच्यात त्या फ्रीसियन बाईचे पूर्ण नाव प्रथम आहे, मग तिच्या नवऱ्याचे. विवाह १० मार्च १७००. ज्येष्ठ पुत्राचा जन्म सोमवार, २३ डिसेंबर १७००, नव्या पंचांगाने ३ जानेवारी १७०१. टंकलिखित वंशावळीतील आकडा दुरुस्त करावा, म्हणून पुतणीने आपल्या सासरच्या मंडळींना सर्व हिशेब लिहून दिला आहे. तिची सासू वाचून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की, आजवर आम्ही त्या बाईच्या नावाने हसलो, आता तिच्या नावाने एक पेला ऊन कान्डेल करू.

आमच्या पुस्तकासाठीही एक सूचनापत्र सर्व शाखांना धाडले आहे. घरोघरच्या जुन्या पोथ्यांचे पुठ्ठे, लग्नाच्या याद्या, सोयरिकीची पत्रे आणि म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी धुंडाळून ज्या ज्या आईचे नाव सापडेल ते कळवावे, अशी त्यात विनंती आहे. आतापर्यंत इंदूरच्या शाखेकडून चार नावे आली आहेत, बडोद्याहून दोन. एका नावापुढे कोणी पणजोबांनी शाईने लिहून ठेवले आहे : 'गुरुवारी, पहाटे'. तारीख नाही, वर्षही नाही. तरीही आम्ही ते शब्द जसेच्या तसे छापावयास दिले आहेत. वाराची किंमत आता आम्हांस कळली आहे.